दाखला म्हटलं की सेतूची रांगच का आठवते?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या रविवारच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना शिकवतात. 'उधळ्या पुत्राची, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना दाखला म्हणायचं की दृष्टांत? दाखला म्हटलं की मुलं हसतात, त्यांना सेतू कार्यालय आठवतं. आणि गोष्टीतून रोजच्या जगण्यासाठी जे घ्यायचं त्याला तात्पर्य म्हणावं की बोध?'

दाखला म्हणा. मुलं हसली तर हसू द्या, त्या वयात ती कशालाही हसतात.

'दृष्टांत' ऐकून माझे कान किटलेत. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन बसा, नव्या दमाचा उपदेशक 'प्रभू येशूने एक दृष्टांत सांगितला' अशीच सुरुवात करतो. हे आलं हिंदीतून. हिंदी बायबलात येशूच्या गोष्टींना दृष्टान्त म्हणतात आणि तिथे ते शोभतंही, कारण देव माणसाला जे दाखवतो त्यासाठी त्यांनी 'दर्शन' हा शब्द वेगळा ठेवलाय. आपल्याकडे सर्रास वाचल्या जाणाऱ्या मराठी बायबलात वाटणी निराळी आहे : येशू सांगतो तो दाखला, देव दाखवतो तो दृष्टांत. यापो गावात येशूचा शिष्य पेत्र भर दुपारी प्रार्थनेसाठी धाब्यावर चढतो, त्याला भूक लागलेली असते, आणि आकाशातून चार कोपरे धरून सोडलेली चादर खाली येताना दिसते, तिच्यात नाना तऱ्हेचे प्राणी. हा दृष्टांत. भाषांतरकारांनी हा अर्थ कुठून उकरून आणलेला नाही. मराठी माणसाला दृष्टांत 'होतो', नाहीतर देव तो 'देतो'. अमक्या डोहात माझी मूर्ती आहे, ती वर काढ, असं देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, ही अर्ध्या महाराष्ट्रातल्या देवळांची कथा त्याच शब्दाने सुरू होते.

त्यामुळे घोटाळे होतात. कळव्याला एका घरगुती प्रार्थनासभेत एक तरुण उत्साहाने म्हणाला, 'आज आपण येशूचा दृष्टांत बघणार आहोत.' कोपऱ्यातल्या आजींनी शेजारणीला विचारलं, 'कुणाला झाला गं?' आजींचं मराठी बरोबर होतं.

त्याहून वाईट म्हणजे 'दावीद आणि गल्याथाचा दृष्टांत', 'योनाचा दृष्टांत'. जुन्या करारात जे घडलं म्हणून सांगितलंय तो वृत्तांत. कुणीतरी कुणाला तरी, समोर बसवून, हेतू धरून सांगितलेली गोष्ट तो दाखला. इतका साधा फरक सांगण्यात मी जागा घालवणार नाही.

आता मुद्द्याचं. दाखला आला कुठून? हमखास मिळणारं उत्तर, 'दाखवणे'वरून. एका व्याख्यात्यांनी तर फळ्यावर 'दाखव + ला' अशी फोड करून दाखवली होती आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. हा 'ला' कोण, त्याला आणलं कोणी, हे कुणी विचारलं नाही. 'दाखवणे'चं मूळ प्राकृतातल्या 'दक्ख'मध्ये, त्याच्या मागे संस्कृत दृश्. म्हणजे व्याख्याते म्हणतात ते खरं धरलं तर दाखला हा दृष्टांताचाच चुलतभाऊ ठरतो आणि मग भांडायला उरतं काय! पण ते खरं नाही. दाखला अरबी आहे, फारसीच्या दफ्तरातून मराठीत आलेला. मूळ धातू द-ख-ल, आत शिरणे. दाखल, दखल, बेदखल ही सगळी त्याचीच पोरं. मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थनेही दाखल-दाखला अरबीच्याच खात्यात टाकलेत. आणि पुरावा हवा तर हिंदीकडे बघा : तिथे 'दाख़िला' म्हणजे प्रवेश. गंमत अशी की वाशीतल्या हिंदी भाषक घरात पोराला 'दाख़िला' मिळाला की तो शाळेत जातो, आणि शेजारच्या मराठी घरात पोराला 'दाखला' मिळाला की तो शाळेतून बाहेर पडतो. शब्द एकच.

आत शिरण्याचा शब्द बाहेर पडण्याच्या कागदावर कसा गेला, हे बघायला घरातला शाळा सोडल्याचा दाखला काढा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण, शेरा. आणि तळाशी : 'दाखला देण्यात येतो की वरील माहिती शाळेच्या जनरल रजिस्टर नंबर १ प्रमाणे आहे.' सगळी व्युत्पत्ती या एका वाक्यात आहे. दाखला म्हणजे आधी वहीत केलेली नोंद, वहीत 'शिरलेली' गोष्ट. मग त्या नोंदीचा उतारा. मग उतारा म्हणजे पुरावा. मग पुरावा म्हणून पुढे ठेवलेलं पूर्वीचं उदाहरण. वकील अजूनही जुन्या निकालांचे दाखले देतात. आणि उदाहरण म्हणून सांगितलेली गोष्ट, इथे येऊन आपण मत्तयाच्या तेराव्या अध्यायात पोचतो. सेतूची रांग आणि पेरणाऱ्याचा दाखला यांत नातं आहे, मुलं उगाच हसत नाहीत.

याच दाखलचं एक फार लाडकं रूप मराठीत आहे, ते कुणाच्या लक्षात येत नाही : उदाहरणादाखल, नमुन्यादाखल, शिक्षेदाखल, निषेधादाखल. 'उदाहरण' या सदरात नोंदवून, 'शिक्षा' या सदरात टाकून. ही जमाखर्ची मराठी आहे, 'आल्यात जमा'ची सख्खी बहीण. अशी भाषा बोलणाऱ्या लोकांना येशूची गोष्ट 'दाखला' म्हणून मिळाली यात मला परकं काही वाटत नाही. कर्ज, कारभारी, मजुरी, हिशेब हे त्याच्या गोष्टींचे विषयच आहेत. लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी बघा. नोकरी जाणार म्हटल्यावर तो मालकाच्या ऋणकोंना बोलावतो आणि त्यांचे कागद बदलून घेतो, शंभर मण तेलाचे पन्नास कर, शंभर खंडी गव्हाचे ऐंशी कर. मापं मी आपली घातली आहेत, आकडे लूकचे. हा दाखल्यातल्या खाडाखोडीचा दाखला! दृष्टांत म्हटलं की ही मजा गेली.

यावर माझं एक मत आहे. कोशकार ते मान्य करणार नाहीत, पण कोशकारांना उपदेश करावा लागत नाही. मूळ अर्थ 'आत शिरणे' हा इथे नुसता इतिहास म्हणून पडलेला नाही, तो गोष्टीत काम करतो. दाखला ऐकणारा गोष्टीत दाखल होतो. झाला नाही तर तो दाखला लागू पडला नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा उरीयाला मारवून त्याची बायको घेतो, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकुलती एक कोकरी, त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या खिल्लारातलं सोडून तिला कापलं. राजा भडकतो, असल्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणतो, चौपट भरपाई द्यायला लावतो. तोवर तो पुरता आत शिरलेला असतो, न्यायाधीश म्हणून. मग नाथान म्हणतो, 'तो मनुष्य तूच आहेस.' दार बाहेरून लागलं.

शोमरोन्याच्या गोष्टीतही तेच. लुटारूंनी अर्धमेलं करून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी टाळून जातात, आणि यहूदी ज्यांना तुच्छ मानत त्यांतला एक शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो, मालकाला दोन नाणी देतो. शास्त्री व्याख्या मागतो, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगून उलट विचारतो, तिघांतला कोण शेजारी झाला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दसुद्धा फुटत नाही, 'ज्याने दया केली तो' एवढंच म्हणतो. आणि उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा सगळं उडवून घरी परततो, थोरला भाऊ शेतावरून येतो, घरात वाजंत्री ऐकतो आणि आत जायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन विनवतो. तो आत गेला की नाही हे लूक सांगतच नाही. आता मला सांगा, 'आत शिरणे' याहून नेमकी व्युत्पत्ती या गोष्टीला कुठली मिळणार?

दाखल्याला मुळातला ग्रीक शब्द परबोले (इंग्रजी पॅरेबल त्यातूनच), म्हणजे शेजारी टाकणे, एकाला लागून दुसरं ठेवणे. तो लॅटिनात गेला, बोलण्यात घासून 'शब्द', 'बोलणं' इतकाच अर्थ उरला, आणि त्यातून पोर्तुगीज 'पालाव्रा' झाला, फ्रेंच 'पारोल' झाला, पार्लमेंटही त्यातलंच. (विलेपार्ल्याचा काही संबंध नाही, कृपया पत्र लिहू नका.) ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. म्हणजे ज्यांच्या तोंडी पालाव्रा होता त्यांच्या तटाआडून आज कैदी पॅरोलवर सुटतो, 'परत येईन' असा शब्द देऊन, आणि दोन्ही शब्द पॅरेबलचे भाऊबंद. सरकारी मराठीत पॅरोलला 'अभिवचन रजा' म्हणतात. एरवी सरकारी मराठीला नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण हा शब्द ज्याने केला त्याला मुळाची जाण होती.

संस्कृतवाले मित्र इथे न्यायदर्शनाचं, म्हणजे तर्कशास्त्राचं, सूत्र काढतात : सामान्य माणसाची आणि जाणकाराची बुद्धी ज्या गोष्टीत सारखी चालते तो दृष्टांत. व्याख्या सुरेख आहे, वादच नाही. महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात तर आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट कशाला लावायची तेही बांधून दिलेलं. पण हाच तर फरक आहे! येशू पेरणाऱ्याच्या आणि निदणाच्या, म्हणजे गव्हातल्या तणाच्या, दाखल्याचा उलगडा करतो, तोही शिष्यांनी विचारल्यावर. बहुतेक दाखले तो तसेच सोडून देतो. दोन्ही बाजूंना आधीच पटलेली गोष्ट सांगून नाथानने दावीदाला कसं पकडलं असतं? दावीदाला पटलं ते एक आणि निघालं भलतंच.

प्रत्येक वस्तूला दार्ष्टांतिक जोडत बसलं की काय होतं ते जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन याने दाखवून ठेवलंय. शोमरोन्याच्या गोष्टीत त्याच्या मते जखमी माणूस आदाम, लुटारू सैतान, उतारशाळा म्हणजे मंडळी, तिचा मालक प्रेषित पौल, आणि दोन नाणी म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा. थोर माणूस, पण पौल त्या वेळी ख्रिस्ती झालाही नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूलिखर नावाच्या जर्मन पंडिताने उलटं टोक गाठलं : प्रत्येक दाखल्याला मुद्दा एकच. तेही मला पटत नाही. एकच मुद्दा सांगायचा होता तर मुद्दाच सांगितला असता.

ताई, तुमच्या मुलांसाठी माझी शिफारस द्राक्षमळ्यातल्या मजुरांची. कोपरखैरण्याच्या नाही तर तुमच्या जवळच्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी एकदा त्यांना घेऊन जा. पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावतोय, मुकादम आला की घोळका पुढे सरकतो, धडधाकट आधी उचलले जातात. दहा वाजले की जे उरतात त्यांच्याकडे बघायला सांगा. मग मत्तय वीस वाचा. मालक संध्याकाळी पाच वाजता आणखी मजूर आणतो आणि तासाभराच्या कामाची मजुरी देतो ती दिवसभर राबलेल्यांइतकीच. मुलांना एवढंच विचारा, तू कुठे उभा आहेस? शिकवणीला जाणारं, पहिल्या बाकावरचं मूल 'हा अन्याय आहे' म्हणेल. ते सकाळपासून राबलेल्यांत दाखल झालं. शेवटच्या बाकावरचं गप्प बसेल, त्याला पाच वाजताचा माणूस ओळखीचा आहे. दोघांना एकच अर्थ सापडणार नाही, आणि सापडायला हवा असा हट्टही धरू नका. पुढच्या वर्षी तोच दाखला घ्या, मुलं जागा बदललेली असतील.

तात्पर्य की बोध, हे राहिलंच. बोध. धातू बुध्, जागं होणे. तात्पर्य हाही चांगला शब्द होता, 'तत्पर'वरून आलेला, सांगणाऱ्याचा रोख कुठे आहे ते. पण इसापनीतीच्या धड्याखाली बसून बसून तो गोष्टीची शेपटी झालाय. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, तात्पर्य अमुक, परीक्षेत दोन गुण. दाखल्याखाली ते लिहिलं की मुलं गोष्ट सोडून तेवढंच पाठ करतात. काही पालक 'मॉरल ऑफ द स्टोरी काय मग?' असं वर्गाच्या दारातच विचारतात, त्यांना मुलांबरोबर आत बसवा.