टॅपेटची टिकटिक आणि घाटात दम सोडणारी अ‍ॅम्बेसिडर

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची अ‍ॅम्बेसिडर मार्क टू आहे, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. टॅपेटचा आवाज वाढला म्हणून गावातल्या एका गॅरेजात दाखवली. त्यांनी टॅपेट आवळले आणि "टिकटिक बंद व्हयनी ना भो!" म्हणत गाडी हातात दिली. आवाज खरंच थांबला. पण आता कन्नडचा घाट चढताना गाडी दम सोडते, इंजिन तापलं की उभ्या गाडीत मिसिंग येतं, म्हणजे इंजिन अडखळत चालतं. त्यात एका टॅपेटचा आवाज पुन्हा सुरू झालाय, आणि तिथे फिलर (फट मोजायचं पातं) लावला तर गॅप बरोबर निघतो. हे कसं?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दादा, टॅपेट तपासून होईपर्यंत ही गाडी घाटात घालू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळे बिघाड आहेत. त्यातल्या आवाजाच्या बिघाडाला थोडा उशीर चालेल. मिसिंगच्या बिघाडाला चालणार नाही.

टॅपेटचा गॅप म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट. या इंजिनाला तो ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर लागतो. गरम इंजिनावर की थंड, ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा आणि आठही टॅपेट एकाच अवस्थेत लावा. गॅप ठेवायचा कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. जागा ठेवलीच नाही तर तो सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकला असतानाच हेडला देतो. टेकायलाच मिळालं नाही की जळता वायू त्या फटीतून निघतो आणि व्हॉल्व्हची कड कापत जातो. थंड असताना गाडी बरी चालते, तापल्यावर बसते, हे लक्षण त्याचंच. जुन्या इंजिनाची बारीक, एकसारखी टिकटिक मला तरी आवडते. अगदीच मुका टॅपेट ऐकला की मी आधी फिलर शोधतो.

गॅप लावताना प्लग काढून ठेवा, म्हणजे हँडलने इंजिन सहज फिरतं. रेडिएटरकडून रॉकरला एक ते आठ आकडे द्या. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप लावायचा, सातवा दाबलेला तेव्हा दुसऱ्याचा, सहावा दाबलेला तेव्हा तिसऱ्याचा. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे, एवढं धरून चाललात तर चुकणार नाही. पेचकसाने स्क्रू धरून लॉकनट आवळताना स्क्रू जरासा सोबत फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर फिलर पुन्हा घाला. पातं ओढताना हलकंसं धरलं पाहिजे. जोर लावावा लागला तर गॅप कमी आहे.

आता गॅप बरोबर असूनही वाजणाऱ्या टॅपेटचं. रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीवर जिथे टेकतो, ती जागा वर्षानुवर्षं घासून खोलगट होते. फिलरचं पातं सपाट असतं. खड्ड्यावर टाकलेल्या फळीसारखं ते दोन्ही कडांवर टेकतं आणि मधली खोली त्याला कळतच नाही. फिलर ०.०१५ दाखवतो तेव्हा खरा गॅप त्याहून मोठा असतो, आणि आवाज तोच करतो. माझे उस्ताद आम्हाला फिलर हातात देण्याआधी रॉकर शाफ्ट उतरवायला लावत आणि प्रत्येक रॉकरच्या तोंडावरून नख फिरवायला सांगत. नख अडकलं की तो रॉकर बाजूला. आमच्या धुळ्याच्या गॅरेजात आजही हेच चालतं. खोलगट रॉकर चांगल्या ग्राइंडिंगवाल्याकडून मूळ गोलाईत घासून घ्या. फार खोल गेला असेल तर बदला. हातात कानस घेऊन तो सपाट मात्र करू नका, त्याची गोलाई गेली की व्हॉल्व्हची दांडी एका बाजूला रेटली जाते आणि गाइड (दांडी सरकते ती नळी) खराब होतो. शाफ्ट उतरलाच आहे तर त्याच्या खालच्या बाजूची झीज पाहा, आणि तेलाची भोकं काजळीने बुजली नाहीत ना तेही. कोरडा रॉकर कितीही नीट लावला तरी वाजणारच.

तरीही आवाज राहिला तर खाली जावं लागेल. वरचं झाकण काढून इंजिन हळू चालू ठेवा आणि पुशरॉडकडे, म्हणजे रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्यांकडे, बघा. चांगला पुशरॉड चालताना हळूहळू स्वतःभोवती फिरत असतो. एखादाच स्थिर उभा दिसला तर त्याच्या खालच्या टॅपेटचं (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधल्या तुकड्याचं) तोंड खाल्लं गेलंय असा माझा पहिला संशय असतो. या इंजिनाला ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची दोन झाकणं आहेत, तिथून टॅपेट काढता येतात. पुशरॉड सरळ वर ओढू नका. तेलामुळे टॅपेट त्याला चिकटून वर येतो आणि मध्येच सुटून आत पडतो. आधी पुशरॉड जरा फिरवून सोडवा, मग उचला. टॅपेटच्या तोंडावर खड्डे असतील तर त्याला उचलणारा कॅमही बघावा लागेल, कारण खराब कॅमवर नवा टॅपेट टिकत नाही.

मिसिंगसाठी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत तयार करतो तो दाब, मोजा. एक कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा गेल्यात, तसंच राहिलं तर बहुतेक व्हॉल्व्ह. तुमच्या बाबतीत व्हॉल्व्हच निघेल असं मला वाटतं, म्हणजे हेड उतरवावं लागेल. त्या वेळी एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या, त्यावर पैसे वाचवू नका. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण शिशाचा थर या जुन्या बिडाच्या सीटला झिजण्यापासून वाचवत होता. आता व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो, गॅप आपोआप कमी होतो आणि आवाजही दबतो. सीट बदलेपर्यंत लांबच्या प्रवासानंतर गॅप तपासत राहा.

प्रश्न : सासऱ्यांची हरिकेन इंजिनाची जुनी महिंद्रा जीप आहे. तिला नऊच्या बेरजेची पद्धत चालेल का? वरचं झाकण उघडलं तर चारच रॉकर दिसतात.
— एक वाचक, रावेर

उत्तर : ताई, तुम्ही बरोबर पाहिलंत. या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये आहेत, त्यामुळे ती बेरीज इथे विसरा. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडून आतला रोटर एक नंबरच्या वायरकडे आणा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आला की त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. तेव्हा वरचा ०.०१८ आणि खालचा ०.०१६ इंच, थंड इंजिनावर लावा. मग अर्धा-अर्धा फेरा देत १-३-४-२ या क्रमाने पुढे जा. खालच्या टॅपेटसाठी मॅनिफोल्डखालचं बाजूचं झाकण काढावं लागतं आणि तिथे हात जेमतेम जातो, म्हणून पातळ स्पॅनर हवेत. मे महिन्यात रावेरला रात्रभर उभी राहिलेली जीपच थंड म्हणायची, तेव्हा हे काम पहाटे करा. आणि ते झाकण उघडण्याआधी नवं कॉर्कचं पॅकिंग आणून ठेवा. जुनं पुन्हा बसवलं की तिथून तेल गळतं.