‘काया’ आणि ‘ताया’ : संशोधनाला निघालेल्या मुलीस पत्र

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा सावकाश वाचला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या अंगणवाड्या, तीन ते सहा वर्षांची मुलं, प्रमाण मराठीतली चित्रचाचणी आणि शेवटी ‘खानदेशात भाषाविकार असलेली मुलं किती’ हा आकडा. विषय मोलाचा आहे आणि कष्टाला तू मागे हटणारी नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण या रीतीने हाती येणारा आकडा भाषाविकाराचा नसेल. घरी अहिराणी, लेवा, पावरी, मावची बोलणारी मुलं किती, एवढंच तो सांगेल. आणि त्या आकड्यावर विसंबून कुणी उद्या चांगल्या धडधाकट पोरांना उपचाराला बसवील. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो हे तुला काय सांगायचं, आपल्याकडे गावोगाव जळगावला ‘जयगाव’च म्हणतात. चार-सव्वाचार वर्षांचा मुलगा डोळ्याच्या चित्राला ‘डोया’ म्हणाला, काळ्या कुत्र्याला ‘काया’ म्हणाला, की तुझ्या उत्तरपत्रिकेत फुली पडणार आणि पुढे शेरा : ‘ळ’ येत नाही. आता त्याच्याच शेजारी बसलेली, त्याच वयाची मुलगी घे. ती ‘काया’ न म्हणता ‘ताया’ म्हणते. ‘काकू’ची ‘तातू’ करते, ‘गाय’ची ‘दाय’. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकायला हवा, त्याऐवजी शेंडा पुढे दातांशी टेकतो. दोन-अडीच वर्षांच्या पोराला हे माफ असतं. साडेतीन-चारपर्यंत बहुतेकांचं आपोआप सुटतं. चार ओलांडल्यावरही राहिलं, तर थांबून नीट तपासायला हवं. कागदावर मात्र दोघांच्या नावापुढे सारखीच फुली. मुलाची आजी, आई, मोठा भाऊ सगळे ‘डोया’च म्हणतात. मुलीच्या घरात ‘ताया’ कुणीच म्हणत नाही. या दोन फुल्या वेगळ्या करता आल्या नाहीत, तर तुझं बाकीचं सगळं गणित कितीही काटेकोर असलं तरी वाया गेलं.

व्याकरणाचंही तेच. ‘मी जाई राहिनू’, ‘मना भाऊ घरमा शे’ ही प्रत्ययांसकट पूर्ण आणि बरोबर वाक्यं आहेत. काळजी वाटायला हवी ती पाच वर्षांच्या त्या मुलाची, जो नुसतं ‘भाऊ घर’ म्हणून थांबतो, ज्याचे शेवटचे प्रत्यय कधी लागतात, कधी गळतात, आणि दोन वाक्यं एकमेकांना जोडायची म्हटली की अडखळतो. पण अहिराणी घरातलं साधं, निरोगी मूल तीन वर्षांचं असताना काय बोलतं आणि पाचव्या वर्षी काय, हे हाताशी असल्याशिवाय कोण मागे पडलं ते ठरवणार कशावरून? ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ साली भिली भाषांच्या खंडात खानदेशीची नोंद झाली. २०११च्या जनगणनेत खानदेशी गटाखाली १८ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली, आणि घरी अहिराणी बोलून कागदावर ‘मराठी’ लिहिणारे त्याहून वेगळे. या नोंदी मोठ्या माणसांच्या आहेत. तुझ्या कामाची पहिली पायरी म्हणून निरोगी मुलांच्या बोलण्याची वयवार नोंद घे. विकाराचं प्रमाण किती, हा प्रश्न त्यानंतरचा. प्रबंधात यामुळे एक ठळक आकडा कमी होईल. होऊ दे.

बाळाचा कान घरच्या बोलीला किती लवकर लागतो ते पाहा. मानसशास्त्रज्ञ वर्कर आणि टीस यांनी १९८४ साली कॅनडात केलेला प्रयोग तुला पाठ असेल. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतला फरक ऐकू यायचा. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो ओळखता आला. म्हणजे वर्षाच्या आतच कान ठरवतो की आपल्या घरात कोणते फरक कामाचे. असा अहिराणीवर किंवा पावरीवर घडलेला कान आणि जीभ तू चौथ्या वर्षी पुस्तकी मराठीच्या मापाने मोजायला निघाली आहेस.

यातून होणारं नुकसान मी जवळून पाहिलं आहे. शिंदखेडा तालुक्यातली एक आई मुलाला घेऊन आली होती. मुलाला खरोखर अडचण होती, चार वर्षं उलटली तरी दोन शब्दांपुढे वाक्य जात नव्हतं. आधी जिथे दाखवलं तिथे तिला सांगितलं गेलं, की घरी अहिराणी बंद करा, फक्त शुद्ध मराठी बोला, पोराचा गोंधळ होतोय. त्या माउलीने ते मनापासून पाळलं. मी म्हटलं, मग तुम्ही त्याच्याशी दिवसभर काय बोलता? ती म्हणाली, ‘मॅडम, पाणी घे, इकडे ये, जेवून घे. त्याच्यापुढे मले काही सुचतच नाही.’ आजीला मराठी नीट येत नव्हती, म्हणून तिने नातवाशी बोलणंच सोडलं होतं. ज्या मुलाला इतरांपेक्षा जास्त भाषा कानावर पडायला हवी, त्याच्या घरातली रात्रीची गोष्ट, चेष्टामस्करी, रागावणं, सगळं उपचाराच्या नावाखाली बंद झालं. या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. भाषासंशोधक जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक मुलांवर काम केलं. भाषाविकार असलेली द्विभाषिक मुलं, तोच विकार असलेल्या एकभाषिक मुलांपेक्षा मागे नव्हती. दोन भाषांनी विकार होत नाही आणि असलेला वाढतही नाही. विकार असेल तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. फक्त शाळेच्या भाषेत दिसत असेल, तर बहुधा ते मूल ती भाषा अजून शिकत असतं. हे वाक्य तुझ्या पालकांसाठीच्या माहितीपत्रकात अहिराणीत असलंच पाहिजे.

मग तपासायचं कसं? सगळ्यांत आधी आईला विचार, ‘हा त्याच्या भावंडांपेक्षा, गल्लीतल्या त्याच्या वयाच्या पोरांपेक्षा वेगळा बोलतो का?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा महागड्या चाचणीपेक्षा खरं निघतं. दुसरं, मुलाला काय येतं एवढंच पाहू नकोस. थोडं शिकवून पुन्हा विचार. नवा शब्द दोन-तीन वेळा खेळात आला की निरोगी मूल तो उचलतं, भाषा कोणतीही असो. निरर्थक शब्द म्हणून दाखवायला लावणं हीही चांगली कसोटी आहे, पण ते शब्द घरच्या बोलीतल्या ध्वनींचेच बनव, त्यात ‘ळ’ घालू नकोस. आणि वाक्याची लांबी मोजण्याचे नियम पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधीच लिहून काढ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊनने १९७३ साली मांडलेली मोजणी इंग्रजीवर उभी आहे. आपल्याकडे ‘घरातल्यांना’ हा एक शब्द की चार तुकडे, आणि ‘जाई राहिनू’ एक की दोन, हे मधेच ठरवायला गेलीस तर आधीचं सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय एकही मूल नमुन्यात घेऊ नकोस. मागून टाळी वाजवली आणि पोराने वळून पाहिलं, ही तपासणी नव्हे. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं मूल टाळीला वळतं आणि ‘स’, ‘श’ मात्र त्याला धड ऐकू येत नाहीत.

नंदुरबारचं वेळापत्रक बदल. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरंही सोबत जातात. जानेवारीत अक्कलकुव्याच्या अंगणवाडीत जी मुलं भेटतील ती गावात राहू शकणाऱ्या घरांतली असतील. होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आणि होळी यांच्या सुमारास बरेच जण परततात. जळगाव-धुळ्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धर. सासुरवाशिणी लेकरांसह माहेरी आलेल्या असतात, आज्या मोकळ्या असतात, आणि मूल आजीशी जसं बोलतं तसं तुझ्याशी कधीच बोलणार नाही. रेकॉर्डर ओट्यावर ठेव आणि तू बाजूला हो.

म्हाताऱ्या माणसांचा भाग तू पुढच्या कामासाठी राखून ठेवलास, ते पटलं. तरी मनात असू दे. लकवा होऊन वाचा गेलेल्या अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याला पुस्तकातली चित्रं दाखवून ‘हे काय आहे?’ असं प्रमाण मराठीत विचारलं, तर ते खिडकीकडे पाहत बसत. त्यांच्या बायकोने अहिराणीत शेतातलं काढलं, तर ‘वखर’ आला, ‘पाभर’ आली, बैलाचं नावही आलं. फ्रेंच डॉक्टर पित्र याने १८९५ साली म्हटलं होतं की वाचा गेलेल्या बहुभाषिक माणसाची रोजच्या वापरातली भाषा आधी परतते. पुढच्या संशोधनात दिसलं की पुष्कळांच्या सगळ्या भाषा सोबतच सुधारतात. पण एकाच भाषेत तपासलं तर यातलं काहीच कळत नाही. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वात वाचाघात (मेंदूला इजा होऊन वाचा जाणं) आहे, म्हणजे प्रमाणपत्राची टक्केवारी तपासणीवर ठरते. ती कोणत्या भाषेत झाली, यावर माणसाचा हक्क अवलंबून असतो.

एक कडक सूचना. कुठल्याही मुलासमोर, सेविकेसमोर ‘याला दोष आहे’ असं बोलायचं नाही. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाकडून अनाथाश्रमातल्या मुलांना ‘तुम्ही तोतरं बोलता’ असं मुद्दाम सांगून प्रयोग केला गेला. ती मुलं बोलायलाच बिचकू लागली. त्या विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ साली.

आता असं कर. पालकांची प्रश्नावली अहिराणीत लिही, आईला आणि आजीला मोठ्याने वाचून दाखव, त्या जिथे अडतील ते वाक्य बदल, मग मला पाठव. पावरीचा भाग मला तपासता येणार नाही. त्यासाठी धडगावकडच्या, घरी पावरी बोलणाऱ्या दोन अंगणवाडी सेविका आधी गाठ आणि त्यांचं मानधन अर्थसंकल्पात दाखव. सध्याच्या अर्थसंकल्पात कॅमेऱ्याला पैसे आहेत, त्यांना नाहीत.