केमन घ्या, पण पासिंग कर्नाटकाचंच ठेवा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) असलेल्या एका वाचकांनी विचारलंय: वडिलोपार्जित, बेळगाव शहरालगतची शेतजमीन विकून 1 कोटी 40 लाख आले. मुलगी बारावीला आहे. नवी बीएमडब्ल्यू एम2 घ्यावी, की बेंगळुरूत 65 लाखांना मिळणारी सिंगल ओनर पोर्शे 718 केमन? शिवाय कोल्हापूरच्या पत्त्यावर एमएच-09 पासिंग करून टॅक्स वाचवावा का?

गाडी जरूर घ्या. इतकी वर्षं भट्टीपुढे उभं राहून झालेली हौस आहे, ती पुढे ढकलून काय मिळणार? फक्त आधी हिशेब नीट मांडू. महापालिका हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतली शेतजमीन करमुक्त नसते. भांडवली नफ्यावर 12.5 टक्के, वर सरचार्ज आणि सेस. म्हणून 20 लाख आजच बाजूला काढा; सीए नेमका आकडा सांगतील. हातात राहिले 1 कोटी 20 लाख.

एम2 ची एक्स-शोरूम किंमत एक कोटीच्या आसपास आहे. कर्नाटकात 20 लाखांवरच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स 18 टक्के, वर सेस. विमा धरून गाडी सव्वा कोटीच्या घरात जाते. म्हणजे जमिनीचे सगळे पैसे संपून धंद्याच्या सी.सी. (बँकेच्या कॅश क्रेडिट) लिमिटला हात घालायची वेळ येईल. कास्टिंगच्या ऑर्डरी कधी आटतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

चालवण्याचा आनंद बघितला तरी माझं मत केमनकडेच झुकतं. एम2 भन्नाट आहे: सहा सिलिंडर, मॅन्युअल गिअरचा पर्याय, मागे दोन सीट. पण वजन 1700 किलोच्या वर, आणि तिची साडेचारशेहून जास्त अश्वशक्ती चोर्ला घाटात वापरणार कुठे? केमनची 300 पुरते. इंजिन मधोमध, वजन साडेतेराशेच्या आसपास, त्यामुळे वळणावर ती अलगद वळते. चार सिलिंडरचा आवाज मात्र रुक्ष आहे. तो खटकत असेल तर आधी चालवून बघा. पावसाळ्यात ती घरीच राहील, हेही धरून चला.

शिवाय पहिल्या मालकाने टॅक्स भरलाय, किमतीतली मोठी घटही सोसली आहे. गाडी कर्नाटकाचीच असल्याने पुन्हा लाइफटाइम टॅक्स नाही, त्यामुळे एमएच-09 चा प्रश्नच मिटतो. एरवीही तो मार्ग मी सांगितला नसता. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला दर 13 टक्के, म्हणून मोह होतो; पण बारा महिन्यांहून जास्त गाडी इथे ठेवली तर इथली नोंदणी लागतेच, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरूत आरटीओने परराज्यातल्या महागड्या गाड्या उचलल्या होत्या. फाउंड्रीच्या नावावर घेऊ नका. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही आणि घरच्या वापरावरून प्राप्तिकरात वाद होतो.

सौद्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्ससह पूर्ण तपासणी करून घ्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: आठवडा आणि साल. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक झालेले असतात. सर्व्हिससाठी बेंगळुरूला पाचशे किलोमीटर जावं लागेल, म्हणून दहा लाख देखभालीला वेगळे ठेवा.

उरतात 45 लाख. भांडवली नफा ज्यात गुंतवतात त्या 54ईसी बाँडने कर वाचेल, पण पैसे पाच वर्षं अडकतील आणि मुलीची फी यंदाच येणार आहे. म्हणून हे 45 लाख मुदत ठेवीत, तिच्या आईसोबत जॉइंट ठेवा, आणि प्रवेश पक्का होईपर्यंत फाउंड्रीकडे वळवू नका.