समुपदेशन केंद्रातली ओजेटी घ्यावी का?

घे, पण एका अटीवर. ती शेवटी सांगते.

तुझा प्रश्न असा आहे: एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या सत्रातली ४ क्रेडिटची ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायचं प्रशिक्षण) विद्यापीठाच्याच समुपदेशन केंद्रात मिळते आहे. तिथे नुसती पोस्टरं चिकटवावी लागतील अशी धास्ती वाटते, आणि दुसरीकडे एका कंपनीच्या एचआरमध्येही जागा आहे. मी बरीच वर्षं अशाच केंद्रात समुपदेशक आहे आणि ओजेटीची मुलं माझ्याकडे असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पोस्टरं लावावी लागतील. योग शिबिराच्या खुर्च्याही मांडाव्या लागतील. पण ओजेटीच्या १२० तासांत त्याला कितीसा वेळ जाणार? खरं काम केंद्राच्या दाराबाहेर आहे, आणि ते माझ्यापेक्षा तुला जास्त चांगलं जमेल. केंद्राची पाटी वाचून आत येणारी मुलं थोडी असतात. कोणी बघितलं तर काय म्हणेल, ही भीती फार मोठी असते. शिवाय ‘मला नैराश्य आलंय’ असं कोणी येऊन सांगत नाही. मुलं सांगतात की पित्त वाढलंय, अभ्यास डोक्यात शिरत नाही, रूममेटशी पटत नाही.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. माझ्याकडची एक प्रशिक्षणार्थी रात्री मेसमध्ये जेवायला बसली होती. समोरच्या मुलाने तिच्या गळ्यातलं केंद्राचं ओळखपत्र पाहून विचारलं, “ताई, शिष्यवृत्ती कधी जमा होते, काही कळेल का?” हे आपलं काम नाही, असं ती म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शिष्यवृत्ती विभागात गेली. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज मंजूर होता, पण बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, म्हणून पैसे अडकले होते. परत येताना तो आपणहून बोलायला लागला. एकच वेळ जेवत होता, रात्र रात्र झोप नव्हती, आणि घरी मात्र सगळं उत्तम चाललंय असं सांगत होता. तिने उपदेश केला नाही. “आमच्या मॅडमना भेटतोस का? मी दारापर्यंत येते,” एवढंच विचारलं. तो आला. माझ्या खोलीत बसून मी त्याला कधीच गाठू शकले नसते. कॅम्पसवरचं आरोग्य हे असं मेस, वसतिगृह, फी आणि निकाल यांच्यात अडकलेलं असतं.

आता मर्यादा. तू समुपदेशन करायचं नाहीस, कोणी कितीही गळ घातली तरी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. ती खुर्ची ओजेटीच्या मुलांना बसवून भरायची नाही. औषधांबद्दल बोलू नकोस, स्वतःचा मोबाइल नंबर वाटू नकोस, आणि अहवालात कोणाचं नाव, विभाग, गाव लिहू नकोस.

एका बाबतीत मात्र गप्प राहायचं नाही. कोणी ‘आता जगून काय करायचं’ अशा सुरात बोललं, तर सरळ विचार: “आत्महत्येचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या मुलाला एकटं सोडू नकोस आणि तिथूनच पर्यवेक्षकांना फोन लाव. इथे गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. “हे मी एकटीने सांभाळणार नाही, आपण मॅडमना सांगू,” असं त्याच्या तोंडावर सांगायचं. रात्री कोणी भेटलं नाही तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२. दोन्ही नंबर आजच फोनमध्ये घालून ठेव.

असं काही ऐकून आलीस की ते तुझ्याही अंगावर येतं. चांगल्या, हळव्या मुली महिनाभरात गळून गेलेल्या मी पाहिल्यात. म्हणून माझी अट अशी: रुजू होण्याआधी केंद्रप्रमुखांना विचार, की आठवड्यातून एकदा तासभर माझ्याशी कोण बसणार, आणि वेळीअवेळी मी कोणाला फोन करायचा? त्या माणसाचं नाव ओजेटीच्या पत्रात लिहून घे. ‘बघू, तसं काही लागत नाही’ असं उत्तर आलं, तर बिनदिक्कत एचआरची जागा घे.