स्पोर्ट्स कारच्या मागे लागणारी पोरे: पुलगाव-आर्वी रस्त्यावरच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गेल्या दिवाळीत तुम्ही दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. पुलगावहून आर्वीकडे जाताना जवळजवळ दर वेळी एखादी दुचाकी मागे लागते, पोरे हॉर्न वाजवतात, मागे बसलेला मोबाइलवर व्हिडिओ काढतो, आणि गेल्या आठवड्यात चार पोरे बसलेल्या एका स्विफ्टने तुमच्या पुढे येऊन मुद्दाम ब्रेक मारले. संतापाच्या भरात तुम्ही वेगाचा काटा ताशी १४० पर्यंत नेला आणि आता विचारता आहात, की अशा वेळी पुढे निघून जावे की त्यांना जाऊ द्यावे. एका सदस्याने तुम्हाला सुचवले आहे, की एकदा दणक्यात पुढे निघून जा, म्हणजे पोरे पुन्हा नादी लागत नाहीत. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहितो, कारण एकदा मीही नेमके तेच केले होते.

माझे हिंगणघाट तालुक्यात कृषी केंद्र आहे. २०१७ मध्ये मी नागपूरहून एक जुनी ऑडी टीटी, म्हणजे दोन दारांची स्पोर्ट्स कार, घेतली. २०१९ च्या जानेवारीत, कापसाचा हंगाम भरात असताना, वर्ध्याहून वायगावमार्गे परत येत होतो. दिवस मावळला होता, पण पुरता अंधार पडला नव्हता. एक दुचाकी माझ्या दाराशी आली, पोराने हाताने पुढे चल अशी खूण केली आणि इंजिन दोन-तीनदा ताणून वाजवले. मला शर्यत करायची नव्हती, फक्त त्याच्यापासून सुटका हवी होती, म्हणून मी चार-पाच सेकंद ॲक्सिलरेटर दाबला. गाडी सत्तरवरून एकशेदहाच्या घरात गेली. आरशात त्याचा दिवा लहान होत गेला आणि मग एकदम दिसेनासा झाला. मला वाटले, त्याने नाद सोडला. किलोमीटरभर पुढे गेल्यावर मात्र लक्षात आले की मधे वळायला एकही फाटा नव्हता, मग दिवा गेला कुठे? मी गाडी वळवली.

तो माझ्या मागोमाग वेगाने आला होता, आणि ज्या कापसाच्या ट्रॉलीला मी सहज ओलांडले होते तिच्या मागे मागचे दिवे नव्हते, रिफ्लेक्टरही नव्हता. ट्रॉली ऐन वेळी दिसली म्हणून त्याने हँडल बाजूला काढले आणि तो साइडपट्टीच्या मुरमावर घसरला. एक चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती आणि दुसरी गियरच्या दांडीत अडकली होती. ट्रॉलीतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लागून होता, आणि त्याखाली तो पोरगा हाताने घोटा धरून बसला होता. ट्रॉलीवाल्याने आणि मी मिळून १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, बाबाले नका सांगू, गाडीचे हप्ते बाकी हायेत." घोटा मोडला होता आणि गळ्याखालचे हाडही. जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्या वडिलांकडे गेलो. ते माझ्याच दुकानातून खत नेणारे शेतकरी निघाले. झाले ते सगळे मी सांगितले, माझ्या पायाने काय केले तेही सांगितले. ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या गाडीले तं काही लागलं नाही ना?" त्या प्रश्नाने मला जेवढे लागले तेवढे कोणत्याही शिवीने लागले नसते.

म्हणून सांगतो, की मागे लागलेल्या पोराला तुमचा वेग म्हणजे उत्तर वाटतो. तुम्ही सुटका म्हणून दाबता, त्याला होकार कळतो. दोघांत ज्याच्याकडे जास्त ताकद आहे त्यानेच शर्यत होणार की नाही हे ठरवायचे असते, कारण दुचाकीवाल्याला मागे येण्याशिवाय दुसरे काही ठरवता येत नाही. शंभरच्या वेगापर्यंत आजच्या साडेतीनशे-चारशे सीसीच्या दुचाकी आपल्या गाड्यांच्या जवळपास चालतात, त्यामुळे पोराला आपण बरोबरीत आहोत असे खरोखर वाटते. मात्र ज्या गोष्टी आपल्या गाडीत आहेत, म्हणजे रुंद टायर, मोठे ब्रेक, एअरबॅग, त्या त्याला दिसत नाहीत आणि त्याच्याकडे त्या नाहीत.

आता अंतराचे पाहा. ताशी १०० वर गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ४० मीटर संपतात, आणि त्यापुढे चांगल्या कोरड्या डांबरावर चांगल्या गाडीला थांबायला आणखी ४० मीटर लागतात. वेग वाढला की ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तुमच्या १४० वर हीच बेरीज १३५ मीटरच्या आसपास जाते. रात्री लो बीमवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यांत, मागचे दिवे नसलेली ट्रॉली ५० मीटरवर दिसली तरी नशीब म्हणायचे. आपल्या भागात ट्रॉली ही एकच अडचण नाही. सोयाबीन निघाले की अर्धा रस्ता वाळवणाने अडतो, पावसाळ्यात वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतून काळ्या मातीचा थर डांबरावर येतो आणि पहिल्या सरीबरोबर तो साबणासारखा होतो, बैलबंडी सांजवेळी विनादिव्याची घराकडे निघते, आणि रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर धुऱ्यावरून थेट चाकापुढे येते. तुमची गाडी हे सगळे कदाचित निभावून नेईल. तुमच्या मागच्या पोराची दुचाकी निभावणार नाही, आणि माझ्या बाबतीत नेमके हेच घडले.

मग करायचे काय? पोरे आरशात दिसताक्षणी, ती दाराशी येण्याआधीच, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि गाडी डावीकडे घ्या. जोरात ब्रेक मारू नका, कारण दुचाकी इतकी चिकटून असते की ती मागच्या काचेवर येईल. मात्र नुसता पाय काढला तर इंजिनच्या ओढीने गाडी चांगलीच मंदावते आणि मागचा लाल दिवा लागत नाही, म्हणून ब्रेकवर पाय हलकेच टेकवून दिवा दाखवा. ऑटोमॅटिक गियर असेल तर तो एस (स्पोर्ट) वर ठेवू नका, नेहमीच्या डी (ड्राइव्ह) वर आणा. एस मध्ये वेग कमी होताना गियर खाली पडतो, सायलेन्सर गुरगुरतो, आणि पोरांना ते तुमचे आव्हान वाटते. ही गोष्ट लहान वाटेल, पण मी स्वतः अनुभवली आहे: शांत गाडीच्या मागे पोरे फार वेळ राहत नाहीत. खिडकी बंद ठेवा, हातवारे करू नका, अंगठाही दाखवू नका. तुमचा हात त्यांच्या मोबाइलमध्ये गेला, की त्याला कोणता अर्थ लावायचा हे तुमच्या ताब्यात राहत नाही.

दुचाकी अगदी शेजारी आली असेल तर तिच्या आरशांकडे बघा. बहुतेक वेळा ते काढून टाकलेले असतात. आरसे नसलेला पोरगा तुम्ही कुठे आहात हे पाहायला मान मागे वळवतो, आणि ९० च्या वेगात मान वळवलेला एक सेकंद म्हणजे न बघता कापलेले २५ मीटर. तो मान वळवतो आहे असे दिसले तर तुम्ही लगेच आणखी मागे पडा, म्हणजे त्याला बघण्यासारखे काही उरणार नाही.

स्विफ्टची गोष्ट वेगळी आहे, ती दुचाकीच्या गोष्टीत मिसळू नका. पुढे येऊन मुद्दाम ब्रेक मारणे म्हणजे तुम्हाला अडवणे आहे. अशा वेळी ओसाड जागी थांबू नका, गाडीतून उतरू नका, घराकडेही वळू नका, तर सरळ पेट्रोल पंपावर किंवा माणसांची वर्दळ असलेल्या चौकात जा आणि ११२ ला फोन करा. पुढे आणि मागे डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, बसवून घ्या. मी उशिरा बसवला, तुम्ही उशीर करू नका.

कायद्याचेही एकदा नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "सुरुवात त्यांनी केली" हे त्यात कुठेही बसत नाही. पोरगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा चौपदरी नसलेल्या साध्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० आहे. तुमच्या १४० चे समर्थन मी कोणापुढेही करू शकणार नाही. त्यात १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शच्या धडकेत दुचाकीवरचे दोघे गेले आणि गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असे पोलिसांनी सांगितले, तेव्हापासून महागडी गाडी आणि पडलेली दुचाकी एकत्र दिसली की जमलेले लोक आधी कोणाकडे बोट दाखवतात, हे तुम्हाला सांगायला नको.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे विरूळला त्यावर चढलात की हा त्रास राहत नाही. तिथे उंच एसयूव्हीमधली पोरे मागे लागतात. मर्यादा १२० ची आहे, डावी लेन धरा आणि त्यांना जाऊ द्या. त्यापेक्षा जास्त तिथे काही करायचे नाही.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. मोठ्या शहरात मागे लागलेला पोरगा पुन्हा आयुष्यात भेटत नाही. आपल्याकडे तो उद्या बाजारात भेटतो, त्याचा बाप आपल्याला नावाने ओळखतो आणि आपल्या गाडीचा नंबर सगळ्या पंचक्रोशीला पाठ असतो. ही अडचण वाटते, पण मला तोच सर्वांत मोठा आधार वाटत आला आहे. रस्त्यावर जे बोलता येत नाही ते टपरीवर बोलता येते. त्या अपघातानंतर मी रविवारी सकाळी दुकानापुढे गाडी उभी करू लागलो. पोरे आपोआप जमतात. मी बॉनेट उघडतो, इंजिन दाखवतो, विचारतील ते सांगतो. मग एका पोराला त्याची दुचाकी माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या कोपऱ्याशी उभी करायला लावतो आणि बाकीच्यांना इंजिन बंद असताना एकेक करून ड्रायव्हरच्या जागेवर बसवून विचारतो, तुमचा मित्र कुठे आहे ते आरशात शोधा. पहिल्यांदा केले तेव्हा सात पोरे बसली, एकालाही तो दिसला नाही. सीट इतकी खाली आणि मागचा खांब इतका जाड, की अख्खी दुचाकी त्याच्याआड जाते. त्यातला एक जण उतरून गुपचूप आपल्या दुचाकीकडे गेला आणि तिची सीट चाचपत राहिला. पुढच्या रविवारी तो आरसे बसवून आला होता.

एक मर्यादा मात्र मी काटेकोर पाळतो. कोणालाही वेगाची चव दाखवायला फेरी मारून आणत नाही. काही मालक असे करतात, त्यांचा हेतू चांगला असतो, पण एकदा पाठीला सीटचा धक्का बसलेला पोरगा दुसऱ्या दिवशी तोच धक्का आपल्या दुचाकीत शोधतो. शर्यतीचीच खरी ओढ असलेला एखादा निघाला तर त्याला चेन्नईजवळचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ही नावे मी सांगतो. विदर्भात असे ठिकाण नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. या पोरांची हौस खोटी नाही, तिला जागा नाही.

तुमच्या मागे येणाऱ्या दुचाकीवाल्यांपैकी एकदोघे तरी तुम्हाला चेहऱ्याने माहीत असतीलच. पुलगावच्या ज्या टपरीवर ती बसतात तिथे गाडी उभी करा, चहा मागवा आणि बोलायला त्यांनाच सुरुवात करू द्या. स्विफ्टवाल्यांपैकी कोणी ओळखीचा निघाला तर आधी त्याच्या वडिलांना भेटा, पण एकटे जाऊ नका, गावातले एखादे वडीलधारे बरोबर घ्या. तोवर तूर आणि कापसाच्या ट्रॉल्या चालू आहेत, सांजवेळी त्या रस्त्याने निघणे टाळा. प्रत्येक गाडीचा न दिसणारा कोपरा वेगळा असतो, तुमच्या गाडीचा मला ठाऊक नाही. एखाद्या रविवारी नऊच्या सुमारास हिंगणघाटला या, दुचाकी आणि पोरे इथे असतातच, तुमच्या गाडीशी लावून तो कोपरा कुठे पडतो ते खडूने आखून घेऊ.