स्टार खेळाडू गेल्यावर कॉलेज संघाचा हंगाम: केंटकी, 2012-13

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ 2012 मध्ये राष्ट्रीय विजेता झाला, मग पुढच्याच वर्षी 68 संघांच्या स्पर्धेत त्याला जागा का मिळाली नाही? आणि स्टार गेलेल्या संघाचा हंगाम आधीच कसा जोखायचा?

मी गुण नंतर बघतो, आधी मिनिटं मोजतो. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा आणि मैदानावर पाचजण, म्हणजे एका सामन्यात वाटायला 200 मिनिटं. मागच्या हंगामाचा तक्ता घ्या, गेलेल्यांची सरासरी मिनिटं वजा करा आणि काय उरतं ते बघा. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, केंटकीचे सहाजण गेले: अँथनी डेव्हिस पहिला, मायकल किड-गिलख्रिस्ट दुसरा, शिवाय टेरेन्स जोन्स, मार्क्विस टीग, डोरन लॅम्ब आणि डेरियस मिलर. 200 पैकी 180 च्या घरातली मिनिटं या सहाजणांचीच होती. सामन्यामागे 77 गुणांपैकी सुमारे 72 यांच्याच हातून येत. परत आलेल्यांत ज्याला खरा खेळायचा सराव होता असा एकटा काइल विल्टजर, आणि त्यालाही आदल्या वर्षी जेमतेम 12 मिनिटं मिळत होती. तरीही हंगामाआधीच्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत केंटकी तिसरा होता! शाळेतून आलेल्या नव्या मुलांच्या नावावर दिलेलं ते उधारीचं स्थान होतं.

मिनिटांनंतर कामं बघा. गुण करणारा मिळतो. चेंडू पुढे आणणारा आणि रिंग राखणारा मिळणं अवघड. 2012 च्या अंतिम सामन्यात डेव्हिसचे 10 पैकी 9 नेम चुकले, तरी सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला: 16 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), 6 ब्लॉक (अडवलेले शॉट), 5 असिस्ट (गुण करून देणारे पास), 3 स्टील (हिसकावलेले चेंडू). मागे तो उभा आहे या भरवशावर पुढचे गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब खेळणारे चपळ खेळाडू, चेंडूवाल्याला अगदी चिकटून खेळू शकत. गार्ड चकला तरी आत डेव्हिस होताच.

ती जागा नर्लेन्स नोएलने बऱ्याच अंशी भरली, सामन्यामागे चारच्या वर ब्लॉक. पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्याची, जागा मात्र डळमळीतच राहिली. रायन हॅरो दुसऱ्या विद्यापीठातून बदली होऊन आला होता, तेव्हाच्या नियमामुळे त्याला आधी एक वर्ष बाहेर बसावं लागलं होतं आणि सुरुवातीचे काही सामनेही तो खेळू शकला नाही. मग चेंडू आणायचं काम आर्ची गुडविनकडे गेलं. तो मुळात आत घुसून गुण करणारा खेळाडू. अशा मुलाला पॉइंट गार्ड केलं की दोन गोष्टी हमखास होतात: टर्नओव्हर (चेंडू गमावणं) वाढतात आणि आतल्या उंच खेळाडूला चेंडू उशिरा मिळतो, तोवर बचाव सावरलेला असतो. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी बेलर विद्यापीठाने केंटकीला घरच्या मैदानावर हरवलं आणि तिथली सलग 55 विजयांची मालिका तुटली.

12 फेब्रुवारी 2013 ला फ्लोरिडाविरुद्ध सुमारे आठ मिनिटं बाकी असताना नोएल प्रतिस्पर्ध्यामागे धावत शॉट अडवायला झेपावला, बास्केटच्या खांबावर आदळला आणि त्याच्या डाव्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. तो सामना धरून संघ 17-7 होता, म्हणजे 17 विजय, 7 पराभव. पुढचाच सामना टेनेसीत 88-58 असा 30 गुणांनी हरले. सात फुटी विली कॉली-स्टाइन होता ना, असं कुणी म्हणेल. होता, पण तोवर दोघं मिळून रिंग राखत होते. एकच उरला की तो फाउल वाचवत खेळतो, कारण पाचव्या फाउलला बाहेर जावं लागतं. मागची खात्री गेली की गार्ड दोन पावलं मागे सरकतात, आणि बाहेरून शॉट मारणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. नोएलशिवायच्या नऊ सामन्यांत चार जिंकले, पाच हरले. शेवट एनआयटीच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेत जागा न मिळालेल्यांच्या स्पर्धेच्या, पहिल्या फेरीत, रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाकडून 59-57. हा सामना प्रतिस्पर्ध्याच्या छोट्या जिममध्ये झाला, कारण केंटकीचं घरचं मैदान रप अरीना त्या आठवड्यात नेमकं मुख्य स्पर्धेच्या सामन्यांसाठी दिलेलं होतं. त्या मुलांसाठी मला आजही वाईट वाटतं. 21-12 हा नव्या संघासाठी लाजिरवाणा आकडा नाही.

तुलनेला ड्यूक विद्यापीठाचा संघ घ्या. 2015 चं विजेतेपद जिंकून ओकाफोर, विन्स्लो, टायस जोन्स आणि क्विन कुक गेले. पण मॅट जोन्स, अमील जेफरसन आणि ग्रेसन अ‍ॅलन परत आले. अ‍ॅलन आधी नऊच मिनिटं खेळायचा. पुढच्या हंगामात त्याने सामन्यामागे 21.6 गुण केले. डिसेंबरमध्ये जेफरसनचा पाय दुखावला तरी संघ 25-11 राहिला आणि शेवटच्या 16 मध्ये पोचला. बाकावर बसून का होईना, प्रशिक्षकाची पद्धत अंगात मुरलेली मुलं होती.

म्हणून माझा ठोकताळा असा: 200 पैकी निम्म्याहून कमी मिनिटं परत येत असतील तर डिसेंबर संपेपर्यंत क्रमवारी बाजूला ठेवा. नोव्हेंबरचे सामने बघताना फक्त शेवटची पाच मिनिटं नीट बघा: चेंडू कोण आणतो, दबाव आला की तो कुणाला शोधतो, आणि मुख्य उंच खेळाडू फाउलमुळे बाकावर गेला की गार्ड कुठे उभे राहतात. 2021 पासून बदली झालेल्यांना पहिल्या बदलीनंतर, आणि 2024 पासून नंतरच्या बदल्यांनंतरही, लगेच खेळता येतं, तेव्हा आता त्यांची मिनिटंही धरा, पण निम्म्या वजनाने. खेळाचा अनुभव असतो, एकमेकांची सवय नसते. केंटकीचंच बघा: 2013-14 मध्येही बहुतेक मुलं नवीच होती, पण आत कॉली-स्टाइन आणि अ‍ॅलेक्स पॉयथ्रेस परतले होते. आठव्या मानांकनावरून तो संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि कनेटिकटकडून 60-54 असा हरला.