हौशी रेसच्या पोलोला कोणती रिअर विंग लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आहे, मागची सीट आणि साउंड सिस्टीम काढून ट्रॅकसाठी मोकळी केली आहे, वर्षातून चार-पाच वेळा कोइम्बतूरला नाहीतर चेन्नईला नेता, खिशात चाळीस हजार आहेत, आणि रिअर विंग (गाडीची मागची बाजू हवेच्या जोरावर खाली दाबणारं पातं) कार्बन फायबरची घ्यावी की ॲल्युमिनियमची, एका पात्याची की दोन पात्यांची, हे ठरत नाहीये.

माझीही पोलोच. पहिली विंग घेतली तेव्हा मीही हेच प्रश्न घेऊन बसलो होतो. वरून कार्बनची नक्षी आणि आत नुसतं पातळ फायबर असलेली एक विंग ऑनलाइन मागवली, खोक्यातले चार स्क्रू टेलगेटमध्ये पिळले आणि थेट चेन्नई गाठली. तिथल्या इरुंगट्टुकोट्टै ट्रॅकच्या मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी आरशात बघतो तर विंग मधोमध पापडासारखी वाकलेली आणि दोन्ही टोकं थरथरतायत. पिटमध्ये येऊन पाहिलं तर टेलगेटच्या पत्र्याला स्क्रूभोवती दोन्हीकडे वाटीएवढे खड्डे. विंगचे पैसे गेले ते गेलेच, डेंटिंग-पेंटिंगचे वेगळे. ती विंग आता आमच्या गच्चीत आहे. आई तिच्यावर पायपुसणी वाळत घालते.

त्यामुळे माझं मत ऐकायचं तर, कोणती विंग हा शेवटचा प्रश्न आहे. ती कुठे उभी राहणार, कशावर उभी राहणार आणि ती लावल्यावर पुढच्या चाकांचं काय होणार, हे आधी ठरवा.

पण त्याच्याही आधी थोडं गणित, कारण विंगकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात. दीड मीटर लांब, पुढून मागे पंचवीस सेंटिमीटर रुंद, एका पात्याची साधी विंग घ्या. लिफ्ट कोएफिशंट, म्हणजे पातं किती जोराने दाबतं याचा आकडा, १ धरा. जाहिरातीत याहून मोठे आकडे दिसतील, पण ते मोकळ्या हवेतले असतात आणि गाडीच्या मागची हवा तशी मोकळी नसते. तीस अंशांच्या हवेत ही विंग ताशी ६० किलोमीटरला जेमतेम ६ किलोने दाबते. १०० ला १७ किलो, १२० ला २५, १५० ला ३९, १८० ला ५६. डाउनफोर्स, म्हणजे हा खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सुरुवातीला काहीच नाही आणि शेवटी एकदम बरंच, असा प्रकार.

आता तुमची गाडी तुमच्यासकट ११५० किलो धरली, तर १२० च्या वळणात २५ किलो म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. पकड दोन टक्के वाढली की वळणातला वेग एक टक्का वाढतो. म्हणजे ताशी सव्वा किलोमीटर. टायर जुने झाले असतील, ब्रेक पॅड कंपनीचेच असतील आणि कॅम्बर (चाकांचा आत-बाहेरचा कल) अजून रस्त्यावरचाच असेल, तर चाळीस हजार तिकडे घाला. खरंच सांगतो, त्यात जास्त सेकंद आहेत. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे तर दोन किलोमीटरहून थोडासाच मोठा. तिथली बरीचशी वळणं इतकी संथ, की विंग फोटोपुरती. इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आणि तिथलं पहिलंच वळण वेगाने घ्यायचं, तिथे विंग कामाला येते. कधी नोएडाकडे बुद्ध सर्किटला गेलात तर १० आणि ११ नंबरचं लांबलचक उजवं वळण लागेल. तिथे विंग असलेली आणि नसलेली गाडी यांतला फरक स्टिअरिंगमधून हाताला कळतो.

एवढं वाचूनही लावायचीच असेल (मला माहितीये, लावायचीच असते), तर पुढे वाचा.

कुठे लावायची, हे लोकरीला विचारा. आईच्या विणकामाच्या पिशवीतून दहा-दहा सेंटिमीटरचे धागे कापायचे आणि छताच्या मागच्या कडेवर, कंपनीच्या छोट्या स्पॉयलरवर आणि मागच्या काचेवर सेलोटेपने चिकटवायचे. एक ॲल्युमिनियमची काठी छताच्या मागे उभी बांधायची, तिला दर पाच सेंटिमीटरला एक धागा. मग ट्रॅकवर मित्राला मागून गाडी चालवायला सांगायची आणि शेजारी बसलेल्याने व्हिडिओ काढायचा. माझ्या गाडीच्या छतावरचे धागे शहाण्यासारखे सरळ मागे पडलेले होते. काचेवरचे मात्र गरागरा फिरत होते, काही तर चक्क पुढे तोंड करून. हॅचबॅकच्या पाठीमागे हवा सुटते आणि भोवरे होतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण आपल्या गाडीवर बघितलं की पटतं. काचेच्या मध्यावर लावलेली विंग त्या भोवऱ्यांत लटकणार, म्हणजे नुसतं ओझं. काठीवरचे धागे छतापासून पंधरा सेंटिमीटर वर गेल्यावर सगळे एका रेषेत आले. मी विंग पंचवीसवर लावली, कारण विंगचं खरं काम तिच्या खालच्या पृष्ठभागावर होतं. वरून हवा दाबते त्यापेक्षा खालून ओढते जास्त. खाली निदान विंगच्या रुंदीइतकी मोकळी जागा ठेवावी. सेडान असती तर भानगड वेगळी होती. तिथे मागच्या काचेवरून हवा तिरपी खाली उतरते, म्हणून मध्ये पिळलेल्या आकाराच्या विंग विकतात. तुम्हाला त्याचं काम नाही, सरळ पातं बस्स.

आता खांब. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. टेलगेटचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्यावर थेट बोल्ट मारला की माझ्यासारखे खड्डे पडणार. आतून तीन मिलिमीटरची प्लेट द्या, शक्यतो बिजागरीजवळच्या मजबूत भागापर्यंत पोचणारी, म्हणजे वजन पत्र्यावर न बसता सांगाड्यावर जाईल. रोल केज (गाडीच्या आतला सुरक्षेचा पाइपांचा पिंजरा) असेल तर सरळ त्यालाच जोडा. खांब विंगच्या अगदी टोकांना नकोत आणि अगदी मध्येही नकोत. दोन्ही टोकांपासून साधारण पाचव्या भागावर धरलं की पातं सगळ्यात कमी वाकतं. दीड मीटरच्या विंगला हे अंतर तीस सेंटिमीटरच्या आसपास येतं. आडवी हलू नये म्हणून दोन खांबांमध्ये स्टीलच्या तारेची तिरपी फुली द्या, टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ताणून. माझे खांब भोसरीत पाच मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून लेझरने कापून घेतले. ड्रॉइंग नेऊन दिलं की काम लगेच होतं. हौशी माणसाला पुण्याचं हे मोठं सुख.

बसवून झाल्यावर गाडी ट्रॅकवर नेण्याआधी घरीच परीक्षा घ्या. १८० ला ५६ किलो येणार असतील तर विंगवर त्याच्या दुप्पट वजन पसरून ठेवा. मी किराणा दुकानातून पंचवीस किलोच्या तांदळाच्या चार गोण्या आणल्या आणि वर मुलाच्या दप्तरात पुस्तकं भरून ठेवलं. आईने गॅलरीतून विचारलं, ‘‘अरे, डिकी आहे ना गाडीला?’’ दहा मिनिटांनी गोण्या उतरवल्या. पातं परत सरळ झालं, पत्रा जागचा हलला नव्हता. मग हवा मागेही ढकलते म्हणून विंगला दोरी बांधून दोघांनी मागे ओढून बघितलं. हास्यास्पद दिसतं, मान्य आहे. पण विंग ट्रॅकवर तुटली तर ती तुमच्या मागून येणाऱ्याच्या काचेवर जाते. शिवाय तुमची गाडी ऐन वेगात मागून हलकी होते, तेही नेमकी वळणात, कारण तुम्ही त्या विंगच्या भरवशावरच आत शिरलेले असता. फॉर्म्युला वनवाल्यांनाही हे महागात पडलं होतं. ४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या माँजुईकमध्ये स्पॅनिश ग्रां प्री होती. लोटस संघाच्या गाड्यांवर उंच, बारीक खांबांच्या विंग. त्यांच्या ग्रॅहम हिलची विंग मोडली, गाडी आदळली. काही लॅपनंतर त्यांचाच दुसरा ड्रायव्हर योखेन रिंट, त्याची तशीच मोडली आणि तोही तिथेच जाऊन धडकला, जखमी झाला. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीत सरावाच्या मधेच त्या उंच विंगवर बंदी आली.

आता पुढची चाकं. पोलो फ्रंट व्हील ड्राइव्ह. विंग मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, म्हणून ती तराजूसारखं काम करते: मागचं दाबते, पुढचं उचलते. ॲक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे धरली, तर १५० च्या वेगाला मागच्या चाकांवर ३९ नाही, ४५ किलोच्या आसपास वाढतात आणि त्यातले ६-एक पुढच्या चाकांवरून कमी होतात. वळणं पुढच्याच चाकांनी घ्यायची, गाडी ओढायची त्यांनीच, आणि वजन कमी केलं त्यांचंच. मग वेगाच्या वळणात नाक बाहेर पळतं आणि माणूस म्हणतो, विंग लावली आणि गाडी बिघडली.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, पुढे स्प्लिटर, म्हणजे गाडीचं नाक दाबून धरणारी आडवी फळी. बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय, बंपरच्या खालून पाच-सात सेंटिमीटर पुढे आलेला, आणि बंपरला नाही, सांगाड्याला बांधलेला. त्यावर उभं राहिलात तरी तुटता कामा नये. प्लाय म्हटल्यावर लोक हसतात, पण घासला तर दुसरा कापायचा, कार्बनसारखं रडायला नको.

दुसरा उपाय जास्त मजेचा आहे, आणि फ्रंट व्हील ड्राइव्हवाला विंग लावतो त्याचं खरं कारणही तोच. विंग नसताना आपण मागची बाजू घट्ट करायला घाबरतो. मागचे स्प्रिंग कडक केले किंवा जाड अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) टाकला की संथ वळणात गाडी छान वळते, पण वेगाच्या वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की शेपूट फिरते. विंग फक्त वेगातच काम करते, म्हणजे नेमकी तिथेच शेपूट धरून ठेवते. मग संथ वळणांसाठी मागची बाजू हवी तितकी कडक करायला मोकळीक मिळते. मी आधी विंग लावून गाडी तशीच चालवली, लॅप टाइम होता तिथेच. मागचा बार बदलला तेव्हा घड्याळ हललं. श्रेय अर्थात सगळे विंगला देतात, कारण तीच दिसते.

आता तुमचा मूळ प्रश्न, तो चार ओळींत संपतो. एका पात्याची, एक्स्ट्रूड केलेल्या ॲल्युमिनियमची, दीड मीटर लांब आणि पंचवीस सेंटिमीटर रुंद. दोन पात्यांची जास्त दाबते, पण तेवढ्या दाबाला पुरेल असं काही पुढे लावणं पोलोत अवघड आहे. खरं कार्बन हलकं आणि उत्तम, पण चाळीस हजारांत विंग, खांब आणि स्प्लिटर बसवायचं असेल तर विसरा. एंडप्लेट (विंगच्या दोन्ही टोकांच्या उभ्या पट्ट्या) साध्या पत्र्याच्या चालतील, कडा गोल करून घ्या. गाडी ढकलणाऱ्याच्या बरगड्या वाचतात. अजून थोडा डाउनफोर्स लागला तर हार्डवेअरच्या दुकानातून पाच मिलिमीटरची ॲल्युमिनियम अँगल पट्टी आणून मागच्या कडेला वरच्या बाजूने उभी लावा. याला गर्नी फ्लॅप म्हणतात. अमेरिकन रेसर डॅन गर्नीने १९७१ मध्ये ही युक्ती आणली आणि इतक्या स्वस्तात एवढा परिणाम देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

ज्या स्पर्धेत उतरायचंय तिचे नियम आधी वाचा. बऱ्याच स्टॉक क्लासमध्ये (कंपनीतून आल्या तशाच गाड्यांच्या गटात) विंग चालतच नाही आणि स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, काढायला लावतात. आणि रस्त्यावर विंग लावून फिरू नका. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेबाहेरच्या बदलांबद्दल स्पष्ट सांगितलंय, आणि खंबाटकी घाटात हवालदाराला डाउनफोर्स समजावून सांगण्यात काही अर्थ नाही. मी खांबांना क्विक रिलीज पिन लावल्यात. विंग काढून पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून.

पहिल्या दिवशी तीन अंशांवर सुरुवात करा. पात्याच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ पट्टी ठेवायची आणि त्यावर डिजिटल अँगल गेज, गाडी सपाट फरशीवर. टायरचं प्रेशर तेच, पेट्रोल साधारण तेवढंच, चार-चार लॅप, मग दोन अंश वाढवा. दहा-बाराच्या पुढे हवा पात्याला सोडून देते आणि नुसता ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो. खालच्या बाजूला लोकरीचे तेच धागे चिकटवले तर कधी सोडलं तेही दिसेल. प्रत्येक नटवर आणि त्याच्या बाजूच्या प्लेटवर पेंट मार्करने एकच रेघ ओढून ठेवा. दर सेशननंतर रेघ तुटलीये का, एवढंच बघायचं. माझी दुसऱ्या सेशननंतर डाव्या मागच्या बोल्टवर तुटली होती. नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा) टाकायला विसरलो होतो.